आत्याचा भोंगा

फुकट काही मिळतंय म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ही खोड आजची नाही. कामतघरात वाढलेल्या माणसाला ती लागायचीच. लहानपणापासून बघत आले, कोणी गोड बोलत अंगणात आला की मागाहून शेतात खांब रोवले जायचे. काल्हेरकडे तर कुठल्याशा कागदावर अंगठे उठवून दिलेल्या लोकांच्या भातखाचरांत गोदामं उभी राहिली. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेजारचा नगरपालिकेतला कारकून आमच्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "शहरातल्या कलावंतांना मदत मिळणार आहे. वाद्यं म्हणा, सामान म्हणा, ज्याला जे लागेल ते. तुमच्या आत्याचं नाव देऊन टाका," तेव्हा मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि माहेरी परत आली. ती गावची धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. मांडव घालताना, हळद लावताना, नवरीला पाटावर बसवताना ती धवले गाते, म्हणजे गाऊन गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते. ती बोलावते तेव्हा देव येतात आणि मग लग्न लागतं, असं आमच्याकडे मानतात. आत्याला शेकडो ओळी तोंडपाठ होत्या, आणि अक्षर एकही येत नव्हतं.

"कलावंत?" मी कारकुनाला म्हणाले. "ती कधीपासून कलावंत झाली? आणि तुम्हाला आजच कशी आठवली?"

"अहो बाई, चांगल्यासाठी सांगतोय."

"चांगल्यासाठीच सांगतात सगळे."

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, म्हणून घरात कागदपत्रांचा शब्द माझा चालायचा. मी नाही म्हणणार तोच आत्या चुलीपासून उठून आली. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "जा लागल तां देतान?"

"हो, जे लागेल ते."

"मग मना भोंगा पायजे."

मी हसले. कारकूनही हसला. आत्या मात्र हसली नाही.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या दोन-चार वर्षांत गावात लाउडस्पीकरची साथ आली होती. हळदीच्या सकाळपासून मांडवाच्या चारी कोपऱ्यांत भोंगे बांधायचे, कॅसेट लावायची, की रात्रीपर्यंत सिनेमाची गाणी. आत्या नवरीजवळ पाटावर बसून गळ्याच्या शिरा ताणून गायची आणि दोन हातांवर बसलेल्या बाईला तिचा शब्द कळायचा नाही. एकदा तर एका पोरीच्या आईनं तिला विचारलं, "म्हातारे, कवा सुरू करतंस?" तेव्हा तिचं अर्धं गाऊन झालं होतं. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. "मी तोंड हलवाला जातंय काय गो?" एवढंच म्हणाली. मला इतका राग आला होता की कोणाच्या तरी कानफटात द्यावी.

तर तिला स्वतःचा भोंगा हवा होता. मान नको, पैसा नको. कॅसेटवाल्याला पुरून उरेल असा एक भोंगा, एक मशीन आणि तोंडासमोर धरायला माइक.

मी अर्ज भरला. पण संशय काही जाईना. आत्याचा अंगठा लागायच्या आधी तो कागद मी तीनदा वाचला, उजेडात धरून बघितला, मागची कोरी बाजू आडव्या रेघा मारून भरून टाकली, कोणी वर काही लिहायला नको म्हणून. कारकून बघत होता. "बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्हालाच आधी धरलं असतं."

मग समितीचं बोलावणं आलं. एका शाळेच्या वर्गात तीन माणसं टेबलामागं बसली होती. सफारी घातलेले एक अध्यक्ष, फाइलवाला एक तरुण, आणि गाणं शिकवणाऱ्या एक बाई. बाहेर बाकावर तबलेवाले, चित्रकार, एक जादूगार, ऑर्केस्ट्रात गाणारा एक केसाळ पोरगा, सगळे एकमेकांकडे चोरून बघत बसलेले. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या वाटणीचं शेजारचा नेणार. मीही त्यांच्यातलीच होते.

आत्या आत गेली, मी मागं उभी.

"हं, आजी, गा," अध्यक्ष म्हणाले.

आत्यानं इकडं तिकडं बघितलं. "लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही हो. नुसतं गाऊन दाखवा. दोन ओळी."

"लगीन न्हाय तं मी देवांना बोलवू कशाला? आन् आलं तं बसवू कुठं? तुमचे खुर्चीवर?"

फाइलवाल्यानं हसू दाबलं. अध्यक्षांचा चेहरा मात्र बदलला. त्यांना आता तिचीच शंका यायला लागली होती, हे मला स्पष्ट दिसलं. म्हातारीला येतं तरी का? की ही मास्तरीण कोणाला तरी उभं करून सामान उपटायला आलीय? मला तो संशय नीट ओळखू आला, कारण मी स्वतः तो रोज करते. त्यातून त्यांनी विचारलं, "ही कला आहे की धार्मिक विधी? विधीला मदत देता येत नाही."

मी पुढं झाले. "साहेब, तुम्ही लग्नालाच या ना. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे हळद आहे. तिथं ऐका आणि काय ते ठरवा."

गाणंवाल्या बाई लगेच म्हणाल्या, "येऊ या." अध्यक्षांनी नाखुशीनं मान हलवली.

हळद होती आमच्या आळीतल्याच एका घरी. समिती येणार हे मी फक्त नवरीच्या बापाच्या कानावर घातलं आणि त्याला बजावलं, "कोणाला बोलू नकोस." गाव कसं आहे ते मला माहीत. म्हातारीला काहीतरी मिळतंय म्हटल्यावर चार भाऊबंद आडवे आले असते. कोणी सांगितलं असतं की हिच्यापेक्षा माझी मावशी बरी गाते. म्हणून सगळं गुपचूप.

हळदीच्या दुपारी आळीतले कापडाचे लूम बंद होते, सुट्टीचा वार होता. पण त्याची कसर भोंगे भरून काढत होते. आणि ही सगळी रोषणाई, ही गाणी कशावर चालली होती? रस्त्यावरच्या खांबावर टाकलेल्या आकड्यावर. तेव्हा लग्नाला मीटर कोण घेतो? नवरीचा मामा बांबूला वायर बांधून आकडा टाकण्यात पटाईत होता, आणि त्या दिवशी राखणीलाही तोच बसला होता.

तीन वाजायच्या सुमारास समितीची तीन माणसं आळीत शिरली. सफारी, काखेत फाइल, गंभीर चेहरे. त्यात अध्यक्षांनी मान वर करून दिव्यांची माळ बघितली. बिचाऱ्यांनी कौतुकानंच बघितली असेल. पण मामाला ते वीज मंडळाचे साहेब वाटले आणि त्यानं बोंब ठोकली, "लाइटवाले आले रे!"

मग जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. मामानं बांबूनं आकडा खाली ओढला, वायर गुंडाळून पाण्याच्या पिंपात टाकली आणि झाकण ठेवून वर बसला. चारी भोंगे एका शब्दावर अर्धवट गप्प झाले. पोरं नाचता नाचता तशीच थांबली. नवरीच्या बापाला मी सांगितलेलं सगळं त्या बोंबेत पार विसरायला झालं असावं, कारण तो हात जोडून अध्यक्षांपुढं धावला, "साहेब, या या, जेवूनच जायचं." तिघांना पुढच्या खुर्च्या मिळाल्या, सरबत मिळालं, मटणाची वाटी रिकामी व्हायच्या आधी दुसरी यायला लागली. अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "तुमच्या गावात कलेची फारच कदर दिसते हो." मी म्हटलं, "फार."

आणि त्या शांततेत आत्यानं सुरुवात केली.

मी लहानपणी ऐकलं होतं तसं ते होतं. तिनं गावदेवीला बोलावलं. वऱ्हाळा देवीला तळ्यातून उठवलं, रस्ता सांगितला, कुठल्या वळणानं ये, कोणाच्या दारावरून ये. रानातल्या वाघोबाला म्हणाली, पोरंबाळं हायत, जपून ये. खाडीपलीकडच्या देवांना होडी धाडली. आवाज चिरका होता, म्हातारा होता, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत एकेक शब्द जात होता. नवरीची आई रडायला लागली. मग बायका एकीमागून एक तिच्या मागं ओळ धरू लागल्या. पिंपावर बसलेल्या मामाचेसुद्धा ओठ हलत होते. त्या तेवढ्या वेळात मला कोणाचाच संशय आला नाही.

गाणंवाल्या बाईंनी डोळे पुसले. अध्यक्षांनी उठून आत्याला नमस्कार केला. मी मनात म्हटलं, आला भोंगा घरी.

पंधरवड्यानं निकाल कळला. आत्याची निवड झाली होती. सत्कार होणार होता, शाल, श्रीफळ, सगळं. मी गाणंवाल्या बाईंना बाजूला घेतलं. "आणि भोंगा?"

त्या खुशीनंच म्हणाल्या, "अहो, आम्ही स्वतः ऐकलं ना! एवढ्या मांडवात, माइकशिवाय, शेवटपर्यंत ऐकू येत होतं. असल्या आवाजाला भोंगा कशाला? उलट खराब होईल. ते मशीन आम्ही त्या ऑर्केस्ट्रातल्या मुलाला दिलं. त्याचा आवाज अगदीच पडका आहे."

आता यांना सांगणार काय? की बाई, तुम्ही आलात म्हणून वीजचोरांनी वायर काढली, म्हणून तुम्हाला ऐकू आलं? सांगितलं असतं तर आळीतल्या निम्म्या घरांवर धाड पडली असती. मी दातओठ खात घरी आले. आजही मला वाटतं, यात कुठंतरी काहीतरी पाणी मुरत होतं. पण कितीही खणलं तरी मला काही सापडलं नाही. त्या तिघांनी आपल्या कानांवर विश्वास ठेवला, एवढंच झालं.

सत्काराला आत्यानं शाल घेतली, नारळ घेतला, आणि अध्यक्षांच्या हाताकडं बघत उभी राहिली. अजून काहीतरी येईल म्हणून. फोटोवाल्यानं तिला हळूच बाजूला सरकवलं.

घरी येऊन म्हणाली, "आवाज पुरतो म्हनं माजा."

पुढच्या हळदीला ती शाल घेऊन बसली. डोक्यावर भोंगे होतेच. ऑर्केस्ट्राच्या त्या पोराचं नवंकोरं मशीन होतं, तोही मन लावून गात होता, त्याच्यावर तरी काय रागवायचं? आत्याचं तोंड हलत होतं. शिरा ताणलेल्या. नवरीची आई व्हिडिओवाल्याकडं बघून हसत होती. मला ते बघवेना. मी उठले, मांडवाबाहेर गेले आणि मास्तरणीच्या खणखणीत आवाजात ओरडले, "लाइटवाले आले रे!"

आकडा खाली. भोंगे गप्प. आणि आत्याचा आवाज उघड्या मांडवात आला, मधल्याच ओळीवर. ती क्षणभर दचकली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग मी ते व्रतच घेतलं. कामतघरात, अंजूरला, जिथं जिथं तिला बोलावणं आलं तिथं मी पाठोपाठ गेले. हळद सुरू झाली की लाइटवाले यायचेच. धवले संपले की मीच सांगायचे, गाडी कोपऱ्यावरून परत गेली. माणसं वैतागायची. "सालं प्रत्येक लग्नात कोण चुगली करतंय?" म्हणून एकमेकांकडं संशयानं बघायची. कोणी म्हणायचं जावई, कोणी म्हणायचं शेजारी. माझ्यावर कोणाचाच संशय गेला नाही, मास्तरीण ना! आत्या मात्र घरी येताना रिक्षात गालातल्या गालात हसायची. "आज लाइटवालं बेगीन आलं," म्हणायची.

नव्वदनंतर दिवस बदलले. काल्हेरला आमच्या लांबच्या नात्यातलं एक लग्न होतं. त्यांची जमीन गोदामाला गेली होती, घरात पैसा मावत नव्हता. भिंतीएवढे स्पीकर रचले होते, जमीन हादरत होती. आत्या पार थकली होती तेव्हा. दोघींनी धरून तिला पाटावर बसवलं. तिनं सुरुवात केली. मी बाहेर जाऊन पोटातून ओरडले, "लाइटवाले आले रे!"

एकानंही मान वळवली नाही. नवऱ्याचा काका लांबून हसला आणि मांडवामागं बोट दाखवलं. तिथं ट्रकवर जनरेटर धडधडत होता.

मी आत आले. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती, भोंगे थांबायची वाट बघत. मी मान हलवली. मला रडू आवरेना. तिला एवढ्या वर्षांत एक भोंगा मिळवून देऊ शकले नाही, हेच डोक्यात घणासारखं बसत होतं. तिनं हात धरून मला खाली ओढलं, अगदी मांडीला मांडी लावून बसवलं. शालीचं टोक माझ्या डोक्यावरून घेतलं, तोंड माझ्या कानाशी आणलं, आणि गावदेवीपासून सगळे देव एकेक करून माझ्या कानात बोलावले.