शेंदरी बटण

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काम कंटाळवाणं, म्हणून मला कॉम्प्युटर नटवायचा नाद लागला. खिडकी बंद करायची ती लाल फुली तर डोळ्यांत खुपायची. चुकलेल्या गणितावर मास्तर मारायचे तशी. एका रिकाम्या दुपारी फुली पुसली आणि तिच्या जागी शेंदरी गोल ठिपका काढला. वर दोन पांढरे डोळे दिले. बटण उजवीकडून डावीकडे आणलं, चांगलं बोटभर मोठं केलं. 'नक्की बंद करायचं का?' असं विचारणारी पाटीही काढून टाकली, सारखी मधे मधे करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "लई भारी दिसतंय, राव." मी फुगायचो.

एक दिवस डोंगरातल्या आहुप्याकडच्या एका वाडीतून एक म्हातारे बाबा आले. त्यांच्या तालुक्याला, घोडेगावात, लाइट नव्हती म्हणून थेट जुन्नर गाठलेलं. त्यांच्या देवराईतून रस्ता काढायचं घाटत होतं. तिथली वाळकी काटकीही हे लोक घरी नेत नाहीत. हरकत नोंदवायचा तो शेवटचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत. सगळ्या वाडीने मिळून बाबांना पाठवलं होतं.

तासभर फॉर्म भरला. हिरडा, बेहडा, आंबा, एकेक झाड ते सांगत होते आणि मी टाइप करत होतो. शेवटचं पान उरलं तेव्हा साडेचार झाले होते. मी झेरॉक्स काढायला मागे वळलो. माझी स्क्रीन बोटाने चालणारी. बाबांनी देवाच्या शेंदराला लावावं तसं ठिपक्याला बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं. मी वळून बघतो तर फॉर्म गायब.

"वेळ आहे, बाबा. परत भरू," मी म्हणालो.

ते उठून उभे होते, चेहरा पार उतरलेला. "नगं, भाऊ. म्या मनात इचारलं, आमची राई वाचंल का. आन देवानं समदं पुसलं. डावा कौल दिला."

आमच्याकडे अडलं की देवाच्या दगडाला दोन फुलं चिकटवून कौल लावतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. नकारापुढे कुणी जात नाही. तो देव नव्हे, मी काढलेलं चित्र आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. हौसेपायी एका वाडीचं काम घालवलं, हे त्यांच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली. बाबा एसटीला गेले. सहा वाजले तरी मी तसाच बसून होतो.

वाडीत पुढे कुणी ब्र काढला नाही. देवच नको म्हणाला तर माणसांनी कशाला भांडायचं? दिवाळीनंतर तिथे करवती सुरू झाल्याचं कानावर आलं. बटण बदलावं असं रोज वाटायचं, आणि त्याला हात लावायची भीतीही वाटायची.

मागच्या महिन्यात बाबा परत आले. सोबत शेजारच्या वाडीतला एक माणूस, हातात नारळ.

"ह्यांच्याबी राईतनं रस्ता जातुया," बाबा म्हणाले. "हरकत घ्यावी का न्हाई, ते इचाराया आलोय."

मग मात्र मला राहवेना. रंग कुठला घेतला, डोळे कसे काढले, विचारणारी पाटी का काढून टाकली, सगळं सांगून टाकलं. "तुमची राई माझ्यामुळे गेली, बाबा. त्यात देव नाही हो."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"देव्हाऱ्यातला टाकबी सोनारच घडवतो की, भाऊ," ते म्हणाले. "म्हनून कौल खोटा व्हतो व्हय?"

मी कॉम्प्युटर बंद करायला स्विचकडे झेपावलो. स्क्रीनवर कुणाचा तरी अर्धा फॉर्म उघडा होता. त्या माणसाने नारळ की-बोर्डजवळ ठेवला, हात जोडले आणि शेंदरी ठिपक्याकडे बोट पुढे केलं.