मास्टरवरची रेघ

२०२२ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि अंधेरीतल्या एका तपासणी लॅबमध्ये, वीस डिग्रीच्या बंद खोलीत, स्वेटर घालून बसत होतो. मे महिन्यातसुद्धा. दार उघडलं की आतली हवा बदलते आणि माप हलतं, म्हणून सकाळी आत गेलेला माणूस जेवायच्या सुट्टीपर्यंत आतच. काम माझं एकच. कारखान्यांतून आलेल्या स्टीलच्या शाफ्टवर खरखर किती आहे ते यंत्राने मोजायचं. हिऱ्याच्या टोकाची सुई शाफ्टवरून सरकते आणि पडद्यावर आकडा येतो. शिक्षण सातवी. पण लॅबमध्ये यायच्या आधी तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काढलेली. नुसतं नख फिरवून मी फिनिश सांगायचो आणि इंजिनिअर लोक यंत्रावर खात्री करून मान डोलवायचे. मला त्याचा माज होता. आजही थोडा आहे.

रोज सकाळी पहिला मास्टर. मास्टर म्हणजे ठरावीक खरखरीचा धातूचा तुकडा, त्यावर आकडा कोरलेला. सुई त्यावरून फिरवली की यंत्राने तोच आकडा दाखवायला हवा. नाही दाखवला तर यंत्र तेवढं वरखाली करून घ्यायचं. मी मास्टरवर शाईचे दोन ठिपके देऊन ठेवले होते. सुई रोज त्या दोन ठिपक्यांमधूनच. शिस्त म्हणजे शिस्त.

आमच्याकडे दहिसरहून येणारी एक इंजिनिअर मुलगी होती. रिपोर्टवर सही तिची. ती एकदा म्हणाली होती, काका, पुस्तकात सुईची जागा बदलत राहा असं दिलंय. मी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "देवाला काय रोज नव्या पाटावर बसवतेस का गं?" सगळे हसले. तीही हसली. मला बरं वाटलं.

मग एका पंपवाल्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. आम्ही नापास केलेले त्याचे शाफ्ट दुसऱ्या लॅबमध्ये पास होत होते. मी म्हटलं, दुसरी लॅब ढिली असेल. जेवायच्या सुट्टीत त्या मुलीने मास्टर मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला बोलावलं. दोन ठिपक्यांच्या मधे सरळ रेघ पडलेली. माझ्या सुईने रोज तिथेच जाऊन मास्टरचे उंचवटे झिजवले होते. मास्टर कमी दाखवायचा, मी यंत्र वर चढवायचो आणि लोकांचा चांगला माल आहे त्यापेक्षा खरखरीत दिसून नापास व्हायचा.

"मी सांगितलं तर उद्यापासून तुम्हाला बोलावणार नाहीत, काका," ती हळू म्हणाली. "तुम्हीच सांगा. नाहीतर राहू दे, माझं मी बघते."

संध्याकाळी त्या तक्रारीवरून लॅबच्या मालकाने आम्हा सगळ्यांना त्याच खोलीत उभं केलं. काकांचा हात अकरा वर्षांत चुकला नाही म्हणाला, म्हणजे घोळ सही करणारीचा. उद्या तिचा सहीचा अधिकार काढून घेतो आणि गिऱ्हाइकाला तसं कळवतो. त्या अधिकारासाठी ती बाहेरच्या तपासनिसांसमोर दोनदा परीक्षेला बसली होती. तो गेला की पुढे तिला कोण विचारणार? ती फरशीकडे बघत होती. माझी स्तुती चाललेली, दार बंद, आणि वीस डिग्रीत मला स्वेटरच्या आत घाम फुटलेला. तोंड उघडलं नाही मी.

घाटकोपरला घरी आलो तर बायको म्हणाली, तोंड शिवून आलात का? सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, वय झालं आता, उद्या जाऊच नका. मी तिच्यावर उखडलो. न जाऊन मी सुटलो असतो, पोरगी नाही. आणि जायचं तर कमावलेलं नाव माझ्याच तोंडाने घालवायचं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत फेऱ्या मारत राहिलो. जाईन तिकडे भिंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक यायच्या आधी त्याच्या केबिनबाहेर उभा राहिलो, मास्टर रुमालात धरून. चूक नोंदवायचा फॉर्म इंग्रजीत होता. मी मराठीत लिहिलं, मास्टर मी एकाच जागी झिजवला, या मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मालक वाचून म्हणाला, "काका, 'ऐकलं नाही' कशाला? 'लक्षात आलं नाही' लिहा ना."

"सांगितलं होतं तिने," मी म्हटलं, आणि खाली सही केली.