सोजरमावशीचे दोन आठवडे

“सर्विक्स म्हंजी पिशवीचं तोंड. मॅडम इंग्रजीत बोलली म्हून भ्यायचं न्हाई. तोंड मिटल्यालं हाय म्हणली ना? मंग झ्याक हाय. आत्ताच उघडून काय करायचंय त्याला?”

“आन् ते सॅक म्हणल्या त्या?”

“पाणमोट. तिच्यात बाळ तरंगतं. आता बाळ तरी कसलं, हरभऱ्याएवढं आसंल. पर ठोकं ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. घोडा पळल्यागत वाटलं.”

“समद्याच तसं म्हंत्यात. ऊठ आता, पोटावरचं ते चिकाट पूस. कागद बाहीर मिळंल.”

सोनोग्राफीच्या टेबलावरून उठणारी पोरगी मांजरी गावची, स्वराली. तिला कागदाचा रुमाल देणारी सोजरमावशी. हडपसरात भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत पंधरा खाटांचं प्रसूतिगृह आहे, तिथं मावशीला आया म्हणून लागून एकतीस वर्षं झाली. झाडायचं, पुसायचं, खाटेवरचं बदलायचं, भांडं द्यायचं, हे तिचं काम. पण तिच्यावाचून दवाखान्याचं खरं अडतं ते बोलण्यापाशी.

डॉक्टर शेफाली मॅडम शनिवार पेठेतल्या. मराठी स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं. समोरच्या बाईला विचारतात, “श्वेतस्राव होतो का?” बाई मान हलवते, हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिला ठाऊक. मग पडद्याआडून मावशी म्हणते, “अगं, पांढरं जातं का आंगावर?” की बाईचं तोंड सुटतं आणि दोन वर्षांचं साठलेलं बाहेर पडतं. मॅडमची अपरा म्हणजे बायांची वार. मॅडमचा गर्भाशयभ्रंश म्हणजे अंग बाहेर येणं. पायाकडून येणारं पोर पायाळू, आणि महिने भरायच्या आत पोट गेलं तर बाई ‘खाली झाली’. कुठल्या बाईला कुठला शब्द पेलतो हे मावशीला चेहरा बघून कळतं.

मॅडम कधीकधी चष्म्यावरून बघतात. “मावशी, आपण बसा माझ्या खुर्चीत. मी पुसते फरशी.”

“तुमाला जमायचं न्हाई ते. कोपरं ऱ्हात्यात.”

दिवसभर दुसऱ्यांच्या पोटातलं असं बोलून मावशी संध्याकाळी माळवाडीतल्या पत्र्याच्या खोलीवर जाते. तिथं बोलायला कोणी नाही. टीव्ही लावते, पण आवाज बंद. शेजारच्या खोलीत तान्हं बाळ होतं तेव्हाची सवय. ते बाळ आता शाळेत जातं, आवाज बंदच आहे. एकटीच्या एका भाकरीसाठी पीठ मळायचा कंटाळा, म्हणून दोन थापते. दुसरी सकाळी चहात बुडवून खाते. मुलगा आहे, रविराज. वारज्यात राहतो. मधे एक बस बदलावी लागते. दिवाळीला त्याचा फोन येतो.

तर त्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वराली बाहेर बाकावर जाऊन बसली. एका बाजूला सासू कुसुमबाई, दुसऱ्या बाजूला नवरा वैजनाथ. वैजनाथ गुजरातेत बंदरावर क्रेन चालवतो. सात महिने तिकडं काढून गणपतीच्या दिवशी घरी आलेला, सुट्टी संपत आलेली. मॅडमनी मघाशी सगळ्यांना सांगितलं होतं, “ठोके छान आहेत, अभिनंदन,” आणि त्या सिझेरियनला आत गेल्या होत्या. कागद खिडकीतून मिळाला. वैजनाथनं वाचला.

“सात आठवडे, दोन दिवस.”

“काय?” कुसुमबाई म्हणाल्या.

“वय. बाळाचं. सात आठवडे.”

कुसुमबाईंनी परत विचारलं नाही. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालायला लागला. गणपती, मग विसर्जन, मग पितृपाठ, मग घट, मग काल दसरा. करंगळीपासून सुरू केलं, पहिल्या बोटाशी संपलं. परत करंगळीवर आल्या. परत तेवढेच निघाले. पाच आठवडे, वर दोन दिवस. त्याच्यापलीकडं पोरगा गुजरातेत.

वैजनाथनं आईचा अंगठा पाहिला. त्यानं कागदाची घडी केली, उघडली, परत घडी केली. स्वरालीनं दोघांकडं पाहिलं आणि तिला कळलं. “मला नाय म्हाईत सात कसे आलेत,” एवढंच ती म्हणाली.

“चला,” कुसुमबाई पदर खोचत उठल्या. “घरी गेल्यावर बोलू.”

मावशी जिन्यापाशी धुतलेल्या चादरी घडी करत होती. तिनं तो अंगठा पाहिला होता, बोलणंही ऐकलं होतं; नवरा गणपतीला घरी आला हे स्वराली तिला आतच बोलली होती. पेरांवरून असा चाललेला अंगठा तिला नवा नव्हता.

तिचं गाव दौंडाकडचं. बाविसाव्या वर्षी ती नांदत होती. नवरा महिपती लष्करात ड्रायव्हर, वर्षाकाठी दोन महिन्यांच्या रजेवर यायचा. त्या साली दिव्याच्या अवसेला आला. रजा संपता संपता सोजरला उलट्या सुरू झाल्या, म्हणून सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरनं पोट तपासलं, पाळी विचारली, चिठ्ठीवर लिहिलं: गरोदर, दहा आठवडे. महिपती सातवी शिकलेला. परतीच्या वाटेवर त्यानं चिठ्ठी वाचली आणि ओढ्याच्या कडेला थांबून पेरं मोजली. आठच आठवडे भरत होते. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढं चालायला लागला तो घरापर्यंत बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सोजरला भावाच्या दारात आणून सोडली, आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच माघारी वळला.

सोजरला स्वतःलाच कोडं पडलं होतं. आपण कुठं शेण खाल्लं नाही हे तिला पक्कं ठाऊक, पण कागदावर सरकारी डॉक्टरनं लिहिलेलं. सरकार खोटं कशाला लिहील? तिनं महिनोन्‌महिने डोकं फोडलं. स्वतःच्या अंगाचा संशय यायला लागला तिला. झोपेत काही झालं असेल का, इथपर्यंत.

पोरगं झालं. थोबाड सगळं बापाचं. तेच पसरट नाक, तीच जुळलेली भुवई. पण ते बघायला कोणी आलं नाही. पोर आठ वर्षांचं झाल्यावर भावजयीला जड झालं, तशी सोजर त्याला घेऊन पुण्याला आली आणि या दवाखान्यात चिकटली. अठराव्या वर्षी रविराज बापाचं गाव बघायला म्हणून गेला. वेशीवरच्या लोकांनी त्याला नाव विचारलं नाही, थेट महिपतीच्या घरी नेलं. महिपतीनं दारात त्याला बघितला आणि आत घेतला. पुढं जमिनीतही वाटा दिला. त्या वाट्यातून वारज्याचा फ्लॅट झाला. सोजरला मात्र कोणी निरोपसुद्धा धाडला नाही. पोराचं तोंड बघून बापाची खात्री पटली, ती पोरापुरती.

मग एका दुपारी, दवाखान्यात अठरा वर्षं काढल्यावर, शेफाली मॅडमच्या सासूबाई, ज्यांनी हा दवाखाना काढला त्या थोरल्या मॅडम, एका नव्या नर्सला पुठ्ठ्याची गोल चकती फिरवून शिकवत होत्या. “मोजायचं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. तरी ते धरायचे. सगळ्या जगात असंच धरतात.”

सोजर गॉजचे तुकडे कापत होती. “दोन आठवडं?” तिनं विचारलं.

“हो. का गं?”

“काय न्हाई. इचारलं.”

त्या दिवशी कापलेले सगळे तुकडे वाकडे निघाले. संध्याकाळी तिनं रविराजला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं: चिठ्ठी, चकती, पाळी. तो ऐकून म्हणाला, “आई, आता जुनं कशाला काढतेस? सगळं नीट झालंय ना. मी कामात आहे.” तिनं फोन ठेवला. सांगायला आणखी कोण होतं? भाऊ गेला होता. सासूही गेली होती. आणि सासूला तर सुरुवातीपासून ठाऊक होतं. त्या साली बेंदराला सोजर बाजूला बसलेली, पाळी आलेली. बैलांना ओवाळलं ते सासूनंच. बेंदरापासून अवसेपर्यंत पंधरा दिवस. म्हातारीनं एका शब्दानं सांगितलं असतं लेकाला, तर ओढ्याकाठचं गणित जुळलं असतं. पण तिला भाची करायची होती सून. ती गप्प राहिली, आणि महिन्यात भाची घरात आली.

इकडं मांजरीकर दारापाशी पोचले होते. मॅडम बाहेर यायला अजून तासभर लागणार होता. घरी गेल्यावर मॅडम नसणार, कागद असणार.

मावशीनं चादरी कठड्यावर टाकल्या आणि आडवी गेली.

“कुसुमबाई, एक इचारू का? गोकुळाष्टमीला तुमच्यात पाळणा हालिवत्यात का?”

कुसुमबाई थांबल्या. “का? तुमाला कशाला पायजे?”

“सुंठवडा कुणी केला औंदा?”

“मी केला. कुणी करायचा?”

“सून हाय की घरात.”

“ही बाजूला बसलेली. तिसरा दिस हुता तिचा. म्हून समदं मलाच पडलं, पाळण्याची दोरीबी मीच…” बोलता बोलता कुसुमबाईंचा अंगठा बोटावर थांबला.

“बाजूला हुती,” मावशी म्हणाली. “मंग अष्टमीला पोटात काय नव्हतं. बराबर का न्हाई?”

स्वराली सासूच्या तोंडाकडं बघत उभी. मावशीही बघत उभी. समोरची बाई काय बोलते, का गप्प बसते, एवढ्यावर सगळं होतं.

“व्हय,” कुसुमबाई शेवटी म्हणाल्या. “मी डोळ्यानं बघितलीया.”

मावशीनं दम सोडला. “डाक्टर लोकं त्या पाळीच्या पैल्या दिसापासनं धरत्यात. अष्टमी तिसरा दिस, म्हंजी दोन दिस मागं जावा. तितनं गणपतीपतुर दोन आठवडं. गणपतीपासनं आजपतुर पाच. झालं सात.”

वैजनाथनं कागद परत उघडला. “म्हणजे दोन आठवडे नुसतेच लावलेत?”

“नुसतंच. पोटात काय नसताना.”

“हे काय गणित झालं?”

“माझ्यावर कशाला चिडताय, पावनं? मी काढलंय व्हय ते? मॅडम बाहीर आल्यावर इचारा, त्याबी हेच सांगतील.”

“नगं, काय इचारायचं न्हाई,” कुसुमबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेकडं नीट पाहिलं, तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी ओढून सरळ केली. “आन् तू गं? तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुतीस? अष्टमीचं सांगायचं न्हाई का आमाला?”

“मला तरी कुठं कळलं, आई.”

“शिकल्याली म्हून केली,” कुसुमबाई मावशीला म्हणाल्या, “बारावी.” आणि लेकाकडं वळल्या. “आरं उभा काय ऱ्हायलास? रिक्षा बघ. पोटुशीला बसमधनं धक्कं खात न्हेतोस व्हय?”

वैजनाथ गल्लीच्या तोंडाशी धावला. रिक्षा आली. कुसुमबाईंनी आधी सुनेला बसवलं, मग स्वतः चढल्या, पिशवी मांडीवर घेतली. वैजनाथ पुढं रिक्षावाल्याशेजारी टेकला. आत त्यांचं बोलणं चालू झालं होतं, आंबट काय खायचं, पपई खायची नाही, असलं काहीतरी. मावशीकडं बघायचं त्यांच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. कशाला सुचावं? त्यांच्या लेखी झालं तरी काय होतं, एका आयानं हिशोब सांगितला.

रिक्षा मंडईच्या गर्दीत शिरली. मावशी दारातच उभी राहिली. कुसुमबाई ‘व्हय’ म्हणाल्या, ते अजून तिच्या कानात होतं. बाईला खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. नुसतं गप्प राहिलं की पुरतं. ही बोलली. बोलायला किती वेळ लागला तिला? रिक्षेत चढायला लागतो तेवढासुद्धा नाही.

बाहेर बसलेल्या एका बाईनं विचारलं, “मावशी, तुमची का कोण ती?”

“न्हाई. पेशंट.”

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. नर्सनं मान बाहेर काढली. “मावशी, होतात कुठं? कधीची हाका मारतेय. मुलगी झालीये. वार तशीच पडलीय ट्रेमध्ये.”

“आले,” मावशी म्हणाली. तिनं कठड्यावरच्या चादरी उचलून कपाटात टाकल्या, हात धुतले, हातमोजे चढवले आणि आत गेली. वार उलटसुलट करून बघितली, तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. मग पिवळ्या थैलीत घातली, गाठ मारली, आणि टेबलाखालचं रक्त पुसायला खाली बसली.