सुमनमावशींनी झाकलेलं वचन

आमच्याकडे घरच्या प्रार्थनासभेत शास्त्र आळीपाळीने वाचतात, प्रत्येकी एक वचन. परवा सुमनमावशींची पाळी आली, तेव्हा त्यांनी आपलं वचन अंगठ्याने झाकलं आणि सरळ पुढचं वाचलं.

झाकलेलं वचन विश्वास न ठेवता मेलेल्यांच्या शिक्षेबद्दल होतं. मावशींचे यजमान, आमचे काका, बाप्तिस्मा न घेताच गेले, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक. सगळे गप्प बसले.

मला या गप्प बसण्याची चीड आहे. गोड वचनं कॅलेंडरवर छापायची आणि कडू पानं उलटून जायची, हा कसला विश्वास? शास्त्राचा शब्द न् शब्द खरा आहे, अशी पत्रकं मी बाजारात वाटतो, आणि ते मानतोही. म्हणून बोललो, "मावशी, तुमचं एक राहिलं."

"तूच वाच की. तुझा आवाज मोठा आहे."

मी वाचलं. चौकात ओरडणारा माझा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. शब्द खरा म्हणजे तो कुणावर तरी पडणार, आणि ते कुणीतरी मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारे काका असतील, हे पत्रकं वाटताना मनात आलंच नव्हतं.

"नीट बघ रे," मावशी हळूच म्हणाल्या, "खाली कुठे त्यांच्यासारख्यांना सूट दिलेली असेल."

मी खालची ओळ पाहिली, पान उलटून मागचीही पाहिली. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खोटं बोलायची मला सोय नव्हती.