सुधावहिनी आणि सेल्वीबाई

सुधावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, गेल्याचा फोन मला पुण्यात ऑफिसात आला. केला होता सेल्वीनं. “ताई, सुधाबाई गेल्या. सकाळीच. तुमी लगेच निघा.” रिसीव्हर ठेवताना मनात आलं, हिच्या तोंडचं हे मराठीसुद्धा वहिनींचंच देणं...

पाच वर्षांपूर्वी सेल्वी वाशीला आली तेव्हा तिला यातला एक शब्द येत नव्हता. श्रीलंकेत तमिळांविरुद्ध झालेल्या दंगलीत तिचं घर जळलं होतं. तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला असलेला तिचा भाऊ वहिनींच्या खालच्या मजल्यावर राहायचा. म्हाताऱ्या आईला घेऊन, नेसत्या साडीनिशी ती त्याच्याकडे आली. तिकडे ती शाळेत गणित शिकवायची. इथे दिवसभर खिडकीशी बसून असे. वहिनीही वाशीच्या एका इंग्रजी शाळेत गणितच शिकवत. हे कळल्यावर त्यांनी तिला थेट मुख्याध्यापिकांसमोर नेऊन उभं केलं. मुख्याध्यापिकांनी सर्टिफिकेटं मागितली. “कागद जळले हो, गणित नाही जळलं,” वहिनी म्हणाल्या. “एक तास देऊन तर बघा.”

तास चांगला झाला. नोकरी लागली, तात्पुरती का होईना. पण सगळं आपल्याच हातानं लावून द्यायचा वहिनींचा स्वभाव. नाव कुणाच्या तोंडी बसेना म्हणून त्यांनी परस्पर सेल्वीची शालिनी करून टाकली, आणि वर्षभर ती त्या हाकेला ओ देत राहिली. मी सुट्टीत गेले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघी चहा घेत होतो. वहिनी मला कौतुकानं सांगत होत्या, “आमची शालिनी आता अगदी आपल्यातली झालीय.” सेल्वीनं कप खाली ठेवला. आवाज न चढवता, शब्द शोधत म्हणाली, “सुधाबाई, घर तिकडे राहिलं. पुस्तकं राहिली. येताना नाव तेवढं आणलं होतं.”

दुसऱ्या दिवशी शाळेत वहिनींनी वेळापत्रकातलं नाव स्वतः खोडून नीट लिहिलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, “चूक माझी होती. यांचं नाव सेल्वी.” पन्नाशी उलटलेल्या, कुणाचं न ऐकणाऱ्या वहिनींना ते सोपं गेलं नसणार. नंतर मला एवढंच म्हणाल्या, “मदत करता करता माणूस जरा मालकच होऊन बसतो गं...”

सेल्वी पुढे त्या शाळेत कायम झाली. वहिनी आजारी पडल्या, दुखणं वाढलं, तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी तीच असायची.

तेराव्यानंतर आम्ही दोघी वहिनींचं टेबल आवरत होतो. खणात एक दुरेघी वही निघाली. आत वहिनींच्या हातचे तमिळ धडे. गेलं वर्षभर रविवारी दुपारी त्या खाली जाऊन सेल्वीकडे शिकत होत्या. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. शेवटचं पान तपासायचं राहिलं होतं. सेल्वीनं ते उघडून वाचलं. मग पर्समधून लाल पेन काढून तिनं दोन चुका दुरुस्त केल्या, खाली सही केली, आणि वही परत खणात ठेवली.