हात न लावायचं दार

तिर्झाला कुरण, म्हणजे त्या कडक धर्मपंथाची वस्ती, सोडून तिमारू शहरात येऊन सहा वर्षं होऊन गेली होती, तरी अजून कुणाच्या गाडीत बसायचं म्हटलं की ती दारापाशी जाऊन हात बांधून उभी राहायची. अगदी शहाण्या मुलीसारखी. मग हेफ्झी आतून ओरडायची, "अगं ए राणीसाहेब, उघडा की! सायलसकाका सुट्टीवर आहेत आज!"

आणि दोघी खो खो हसायच्या. पण तिर्झाचा हात दाराकडे जाताना आतून काहीतरी चरकायचंच. दरवेळी.

कुरणात बायकांनी गाडीच्या दाराला हात लावायचा नाही. पहिल्यापासून असं नव्हतं म्हणे. कधीतरी बायकांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन चालले होते, गाडी सिग्नलला थांबली, तर त्यातली एक जण दार उघडून खाली उतरली आणि चालायलाच लागली. परत आलीच नाही. त्यानंतर आमोसकाकांना, म्हणजे कुरणाच्या थोरल्या राखणदारांना, शास्त्रात एक ओळ सापडली. बाईसाठी दार पुरुषानं उघडायचं, त्यात तिचा मान आहे. तेव्हापासून व्हॅनला आतून कडीच नाही. बायका हात बांधून रांगेत उभ्या राहायच्या, सायलसकाका एका पायानं लंगडत यायचे, दार उघडायचे, बायका आत शिरताना पुटपुटत मोजायचे आणि दार लावून घ्यायचे. मान म्हणे.

दर रविवारी दुपारी तिघी लोईसच्या स्वयंपाकघरात जमायच्या. रविवारीच, कारण कुरणातून सुटलेल्या माणसाला रविवार खायला उठतो. लोईस त्यांच्यात थोरली, साठीला आलेली, नवऱ्याला आणि तीन मोठ्या मुलांना मागं ठेवून एकटी निघालेली. "मला मावशी म्हणू नका गं, ते तिकडचं आहे," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची आणि या दोघी प्रत्येक वेळी मावशीच म्हणायच्या. हेफ्झी तोंडाची फटकळ, ट्रक चालवायची, केस मुलांसारखे कापलेले. तिर्झा वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला. कुरणातही ती लाँड्रीतच होती. दुसरं काही येतच नव्हतं तिला.

त्या रविवारी विषय निघाला हसऱ्या चेहऱ्याचा. कुरणात जेवणाआधी बायकांवर देखरेख करणाऱ्या डॉर्कसमावशी रांगेतून चालत जायच्या आणि प्रत्येकीचा चेहरा बघायच्या. जिचा हसरा नसेल तिनं त्या दिवशी उभ्यानं वाढायचं, बसायचं नाही.

"माझी आई गेली त्या दिवशीही हसले होते मी," हेफ्झी म्हणाली. "गाल दुखेस्तोवर."

"आणि मी डॉर्कसला नावं सांगायचे," लोईस म्हणाली. "कोण रडलं, कोण पुटपुटलं. मला वाटायचं मी त्यांचं भलंच करतेय."

"मावशी, तुम्ही माझंही नाव सांगितलं होतंत!"

"दोनदा. घे, केक घे."

हेफ्झीनं केक घेतला. लोईस खिडकीबाहेर बघत राहिली. "पण खरं सांगू? पहाटे तीस जणी मिळून पाव मळायचो ना, ते मला आठवतं गं. गाणी चालायची. इथं एकटीनं चहा प्यायचा म्हणजे घशाखाली उतरत नाही."

"मग जा परत!" हेफ्झी भडकली.

"जाणार नाही. पण आठवतं, ते तर खरं आहे ना? का आता तेही खोटंच म्हणायचं?"

तिर्झाच्या डोक्यात केझाया, म्हणजे केझी, होती. धाकटी बहीण. तिर्झा निघाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आता एकोणीस. लोईसच्या थोरल्या मुलीकडून उडत उडत बातमी आली होती की केझीचं एनोशशी ठरलंय. एनोश म्हणजे बेचाळीस वर्षांचा विधुर, पाच पोरांचा बाप. केझीला कुणी विचारलेलंच नाही. कुरणात विचारतच नाहीत, सांगतात.

"मी जाऊन घेऊनच येते तिला," तिर्झा एकदम बोलली.

हेफ्झीचा चेहरा बदलला. "माझ्या ऱ्होडाचं विसरलीस?"

ऱ्होडा तिची चुलत बहीण. भावानं हाताला धरून, जवळजवळ उचलूनच तिला बाहेर आणली होती. महिन्याभरात परत गेली. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाली, मला ओढून नेलं होतं. आणि ते खरंच होतं, हाच तर घोळ. आता ऱ्होडा जेवणघरात भाषणं देते, बाहेरचं जग कसं वाईट त्याची.

"ओढलेली मुलगी राहत नाही," लोईस म्हणाली. "पाय तिचेच हवेत."

आणि त्याच आठवड्यात डॉर्कसमावशींचा फोन आला. आवाज कसा, दुधाचा हिशोब सांगावा तसा. "तुझी आई गेली. उद्या दफन आहे. ये, शेवटच्या बाकावर बस. जेवायला थांबता येणार नाही."

सहा वर्षांत तिर्झानं आईला बघितलं नव्हतं आणि आता बघणार ती अशी. रडू येईना. आणि दुसरा विचार मनात आला, तो आला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली: उद्या केझी भेटेल.

हेफ्झीनं तिची जुनी खटारा कोरोला दिली. काचा दांडा फिरवून खाली करायच्या, इतकी जुनी. "मी येत नाही," ती म्हणाली. "मी आले तर आमोसचं नाक फोडून येईन. आम्ही दोघी इथं थांबतो."

दुसऱ्या दिवशी वायव्येचा गरम वारा सुटला होता, डोकं उठवणारा. खडीच्या रस्त्यावर धुळीचे लोट. फाटकाशी सायलसकाका उभे होते, आणखी म्हातारे झालेले. त्यांनी तिर्झाला गाडी चालवत येताना पाहिलं आणि टोपी काढली. काढून लगेच परत घातली, चूक झाल्यासारखी.

दफन झालं. आई पेटीत लहानशी दिसत होती. तिर्झा शेवटच्या बाकावर. पुढे निळ्या झग्यांच्या पाठीच पाठी, त्यात केझीची कुठली ते कळेना. कुणी मागं वळून बघितलं नाही. सोडून गेलेल्या माणसाकडं बघायचंच नसतं.

पण एक रीत होती, आणि तिर्झाचा सगळा जीव त्याच रीतीत अडकला होता. कुरणात आई मेली की तिचे डोक्याचे रुमाल लेकींनी त्याच दिवशी धुऊन वाळत घालायचे. सगळ्या लेकींनी. सोडून गेलेलीनंसुद्धा, कारण आईचं ऋण सुटत नाही म्हणतात.

डॉर्कसमावशी लाँड्रीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "बोलायचं नाही. हातानं काम, मनात प्रार्थना."

तिर्झानं पहिल्यांदा केझीकडं नीट बघितलं. उंच झाली होती. आईचंच नाक. डोळे सुजलेले आणि ओठांवर ते हसू, चिकटवल्यासारखं. दोघी एकाच टबात हात घालून रुमाल चोळत होत्या. एका रुमालाला अजून आईच्या केसांचा वास होता. तिर्झाला हुंदका आला तसा डॉर्कसमावशींनी घसा खाकरला. केझीनं पाण्याखालून तिची दोन बोटं घट्ट धरली. बस्स, एवढंच. वर तोंडावर हसू तसंच.

दोरी बाहेर होती. वारा इतका की रुमाल हातातून पळत होते. दोघींच्या मध्ये ओल्या रुमालांची भिंत फडफडत होती आणि मावशी खुर्चीतून उठून दारापर्यंत येईस्तोवर केझी ओठ न हलवता बोलली. "मला यायचंय."

तिर्झाच्या हातातून चिमटा पडला. "आत्ता?"

"परवा लग्न आहे. फाटकापाशी येते मी. कचऱ्याची बादली घेऊन."

"केझी, नीट विचार—"

"चिमटा दे," केझी मोठ्यानं म्हणाली. मावशी आल्या होत्या.

तिर्झा गाडीत जाऊन बसली. आमोसकाका स्वतः तिला सोडायला आले. "आईसाठी आलीस, बरं केलंस," ते गोड आवाजात म्हणाले. "दार तुला कायम उघडं आहे, पोरी." मग ते जेवणघराच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत राहिले, ही जाते की नाही.

ती हळूहळू निघाली. फाटकाशी थांबली. सायलसकाका फाटक उघडायला लंगडत निघाले, आणि तेवढ्यात आरशात केझी दिसली. बादली घेऊन. पळत नव्हती, चालत होती, पण अशी चालत होती की आंधळ्यालाही कळावं. तिनं बादली खाली ठेवली. गाडीच्या मागच्या दाराशी आली.

आणि हात बांधून उभी राहिली.

"उघड!" तिर्झा आतून ओरडली. "केझी, उघड ना!"

केझी इकडं तिकडं बघत होती. तिला कळतच नव्हतं. एकोणीस वर्षांत तिनं गाडीचं दार कधी उघडलंच नव्हतं. ती उभी राहिली होती, दार उघडणाऱ्या माणसाची वाट बघत! पायऱ्यांवरून आमोसकाकांची हाक आली. "केझाया!" तिर्झानं मागं वाकून हात लांब केला आणि तिला लोईसचे शब्द आठवले, ऱ्होडा आठवली, आणि हात तसाच हवेत राहिला.

सायलसकाका आले. फाटक अर्धवट सोडून. त्यांनी केझीकडं बघितलं, तिच्या बांधलेल्या हातांकडं बघितलं, आणि दार उघडलं. केझी आत बसली. "एक," सायलसकाका पुटपुटले, आणि दार लावलं.

मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. किंवा आधीच कळलं होतं. ते तसेच उभे राहिले, तोंड उघडं टाकून, आणि तिर्झानं अर्ध्या उघड्या फाटकातून गाडी अशी काढली की आरसा घासला.

तिमारूपर्यंत मागं कुरणाची पांढरी व्हॅन होतीच. जवळ येत नव्हती, लांबही जात नव्हती. केझी मागच्या सीटवर मधोमध बसलेली, गुडघे जुळवून, आणि हसरा चेहरा करून. आरशात ते हसू बघून तिर्झाला ओरडावंसं वाटत होतं.

लोईसच्या घरासमोर गाडी थांबली. व्हॅनही मागंच थांबली. लोईस आणि हेफ्झी दारातून धावत आल्या. तिर्झा उतरली आणि सरळ मागच्या दाराकडं झेपावली, तर लोईसनं तिचं मनगट पकडलं.

"नाही."

"मावशी, सोडा!"

"तू उघडलंस तर तूच आणलंस. उद्या आमोस तेच म्हणेल. परवा तीही तेच म्हणेल."

सायलसकाकांनी व्हॅनचं दार उघडलं आणि आमोसकाका उतरले. घाई अजिबात नाही. काचेशी वाकून म्हणाले, "केझाया, आईच्या मातीचा वास अजून हाताला आहे तुझ्या. दुःखात माणूस चुकतो, कुणी रागावणार नाही. चल घरी." मग मान न वळवता, "सायलस, दार उघड."

थोरल्या राखणदारानं स्वतः दार उघडायचं नसतं. ते काम सायलसचं. सायलसकाकांनी दार उघडलं की केझी उतरणार. उतरणारच, दार उघडलं की उतरायचं असतं. आणि पुढचं उघडं दार व्हॅनचं!

सायलसकाका व्हॅनपासून निघाले आणि तिथंच कमरेत वाकले. "पाय, काका," ते म्हणाले. "पायात गोळा आलाय." इतकं दुखतंय असं त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

"सायलस!"

"येतो, येतो."

आत केझी दाराला चाचपडत होती. तिला कडी सापडेना. व्हॅनला आतून कडी नव्हतीच ना कधी, मग आतून कुठं शोधायची ते तिला काय माहीत! तिच्या हाताला काच फिरवायचा दांडा लागला. तिनं तो फिरवला. काच थोडी खाली आली. ती दचकली. पुन्हा फिरवला. हेफ्झी तोंडावर हात दाबून उभी होती, ट्रकवाली हेफ्झी, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "फिरव," ती कुजबुजली, "फिरव गं."

सायलसकाका एक पाऊल टाकत होते आणि थांबत होते.

काच पूर्ण खाली गेली. केझीनं हात बाहेर काढला. दार बाहेरून कसं उघडतात ते तिनं आयुष्यभर बघितलं होतं, रांगेत उभं राहून, सायलसकाकांच्या हाताकडं बघत. तिनं कोपर वाकवून बाहेरची कडी शोधली. अगदी त्यांच्यासारखीच वर उचलली.

दार उघडलं.

ती उतरली. आमोसकाकांच्या आणि तिच्यामध्ये दाराएवढंच अंतर होतं. तिचं हसू गळून पडलं होतं, आणि आता तिचा चेहरा किती दमलेला होता ते दिसलं. ती वळली, दाराला दोन्ही हात लावले आणि धाडकन लावून घेतलं.

"अगं हळू, काच पडेल माझी!" हेफ्झी रडतारडताच ओरडली.

आमोसकाका व्हॅनकडं गेले आणि दाराशी थांबले. सायलसकाका अजून अर्ध्या वाटेवरच होते. त्यांना यायला बराच वेळ लागला.

"आत चला," लोईस म्हणाली. तिर्झाचं मनगट तिनं आत्ता कुठं सोडलं, त्यावर चार बोटं लाल उमटली होती. "चहा टाकते. चौघींचा."