मारुतीले मी सांगीन

माझा भाचा मारुतीसमोर घेतलेली शपथ मोडून मेला, असं पांढुर्ण्यातले आमचे सगळे नातेवाईक मानतात. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तीही तेच मानते. दर शनिवारी ती बसने सौंसरला माझ्या घरी येते आणि आम्ही दोघं म्हातारे ऑटोनं जामसांवलीला जातो. तिथं निजलेल्या मारुतीपुढं ती मेलेल्या मुलासाठी माफी मागते. मी शेजारी हात जोडून उभा असतो. माफी मागायचं खरं कारण तिला अजून कळलेलं नाही आणि मला माहीत आहे. ते इथं लिहून ठेवतो.

मी नागपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्त होऊन सौंसरला परतल्यावर एका संस्थेनं नशेवरच्या उपचारांचा अभ्यास आखून देण्यासाठी मला बोलावलं. नशेची इंजेक्शनं घेणारी माणसं एकमेकांची सुई वापरतात आणि त्यातून एचआयव्ही पसरतो. सुई सुटावी म्हणून त्यांना जिभेखाली ठेवायची एक गोळी देतात. तिनं अंगाची तडफड थांबते आणि माणूस कामाला लागतो. पण कुणाला गोळी पुरते, कुणाला गोळीसोबत बोलायला माणूस लागतो, कुणाला दोन्ही देऊनही फरक पडत नाही. म्हणून आमचा अभ्यास एका औषधाचा नव्हता, उपचारांच्या क्रमाचा होता. पहिला उपचार चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि काही आठवडे वाट पाहायची. जो सुधारला नाही त्याच्यासाठी दुसरी चिठ्ठी टाकायची. जो सुधारला त्याचा उपचार हळूहळू हलका करायचा. शेवटी सगळ्यांचा हिशोब मांडून सांगायचं, की कोणत्या वळणावर काय बदललं तर जास्त माणसं सुईपासून दूर राहतात.

हे मी भाच्याला समजावून सांगितलं होतं. संत्र्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तो दिल्लीपर्यंत जायचा आणि त्याच रस्त्यावर त्याला इंजेक्शनची सवय लागली होती. त्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा होता, म्हणून मी बगीच्याचंच उदाहरण दिलं. बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडतात, पण पुन्हा पाणी कधी सोडायचं ते पान पाहून ठरवतात. आम्हीही तसंच माणूस पाहून उपचार बदलणार होतो.

तो हसला. म्हणाला, "म्हणजे मी झाड. अन् तुम्ही मले रोज येऊन पाहान?"

मी हो म्हणालो.

आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. तो रांगत होता तेव्हापासून मी पडत आलो. त्याचे दोषही मी माझ्यावर घेत आलो. शेजाऱ्याचा रेडिओ त्यानं फोडला तर माझा हात लागला म्हणून सांगितलं. गाडीचा आरसा फुटला तेव्हा मालकापुढं जाऊन, मीच फोडला म्हणत हात जोडले. बहीण चिडायची. दादाच्या लाडानं पोरगा बिघडून राहिला, असं माझ्या बायकोला ऐकवायची.

अभ्यासात त्याची चिठ्ठी गोळीची निघाली. महिनाभरात त्याचा चेहरा भरला, तो जेवू लागला, गाडीवर परत गेला. बहिणीला वाटलं, आता देवाच्या पायावर घातला म्हणजे कायमचा सुटेल. मीच त्या दोघांना जामसांवलीला नेलं. तिथं त्यानं पाण्याची ओंजळ धरून शपथ घेतली, की यापुढं नशा आणणारं काहीही घेणार नाही. परत येताना ऑटोत त्यानं विचारलं, गोळीही त्यात येते का. बहीण म्हणाली, येते. तिच्या लेखी गोळीही नशाच होती. मी गप्प राहिलो. तशी ती नव्हती, हे सांगायला त्या ऑटोत मी एकटाच होतो.

त्यानं गोळी बंद केली. दात आवळून काही आठवडे काढले. तपासणीत त्याची लघवी स्वच्छ निघत राहिली आणि आमच्या नियमानं तो सुधारलेल्यांत गेला. त्याचा उपचार हलका झाला, केंद्रावर येणं महिन्यातून एकदाच उरलं. लघवी स्वच्छ आहे, एवढंच माझा नियम पाहत होता. का स्वच्छ आहे, हे विचारायची सोय मी त्यात केली नव्हती. मला मात्र कारण माहीत होतं. माणूस घट्ट मूठ आवळून उभा होता आणि आमच्या कागदावर तो बरा झाला होता.

मग एका दुपारी तो माझ्या घरी आला. ऊन असून अंगावर शाल होती. नाक गळत होतं. बसताही येत नव्हतं, उभा राहून सारखा पाय बदलत होता.

"मामाजी, गोळी परत सुरू करून द्या न. पाणी सोडा आता, झाड वाळून राहिलं."

तेव्हा मी काय केलं ते नीट सांगतो. आमच्या आखणीत स्पष्ट लिहिलं होतं, की रुग्णानं मागितलं तर डॉक्टर केव्हाही गोळी देऊ शकतात आणि त्यासाठी कुठलीही चिठ्ठी आड येणार नाही. ते वाक्य मीच लिहिलं होतं. पण तसं झालं की तो माणूस ठरलेल्या वाटेवरून बाहेर पडतो आणि तुलना दुबळी होते. सुधारलेल्यांच्या गटातून तेव्हा बरेच जण असे बाहेर पडत होते. संस्थेच्या बैठकीत मला त्याबद्दल विचारणा झाली होती. या वयात मला एक काम धड करून दाखवायचं होतं. शिवाय भाचाच बाहेर पडला तर लोक काय म्हणतील, हेही डोक्यात होतं.

मी म्हणालो, नियमात बसत नाही, पुढच्या तपासणीपर्यंत थांबावं लागेल. तो ऐकेना, तेव्हा मी मारुतीला पुढं केलं.

"शपथ घेतली न तू? मारुतीले काय सांगशीन?"

त्यानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग हळूच म्हणाला, "मारुतीले मी सांगीन, मामाजी. तुम्ही डॉक्टरले सांगा."

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याला लिंबाचं सरबत करून दिलं, पाठीवर हात फिरवला आणि बसस्टँडपर्यंत सोडून आलो.

त्यानंतर त्यानं कुणाची तरी सुई घेतली. आमच्या मोजमापाची तारीख त्याआधीच येऊन गेली होती, म्हणून अभ्यासाच्या निकालात तो यशस्वी माणसांत मोजला गेला. मी तो निकाल नागपूरला उभं राहून वाचून दाखवला. लोकांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, नंतर चहा झाला.

एचआयव्ही निघाला तेव्हा सरकारी केंद्रातून त्याला औषधं सुरू झाली. पण तोवर शपथ मोडल्याची गोष्ट घरोघर झाली होती. लाजेनं त्यानं केंद्रावर जाणं सोडलं. मग क्षयानं छाती धरली. दवाखान्यात मी रोज जात असे. आपण गोळी मागायला मामाकडं गेलो होतो, हे त्यानं आईला सांगितलं नाही, मलाही कधी त्याची आठवण करून दिली नाही. फक्त मी पाया पडायला वाकलो की पाय ओढून घ्यायचा. शेवटी पाय ओढायचीही ताकद राहिली नाही.

मागच्या महिन्यात, देवळाबाहेर नारळाच्या दुकानापाशी बसलो असताना, मी बहिणीला सगळं सांगितलं. गोळी नशा नव्हती हे सांगितलं. तो शालीत कुडकुडत आला होता, मी नियमाचं खोटं बोललो, मारुतीचं नाव मी माझ्या कामासाठी वापरलं, हेही सांगितलं. पोरगा शब्दाला जागत होता, मीच त्याला एकटा सोडला, असं म्हणालो.  ती नारळाच्या शेंड्या नखानं काढत ऐकत राहिली.

मग म्हणाली, "मेल्यावरही त्याले वाचवून राहिला, दादा?"

मी म्हणालो, हे खरं आहे.

"रेडिओ फोडला तेव्हाही खरंच म्हणे तू. आरसाही तूच फोडला होता." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे आता. चल, रांग वाढून राहिली."

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरांचं, नियमातल्या त्या वाक्याचं. ती नारळ घेऊन रांगेकडं निघालीही होती.

आत पोचल्यावर तिनं नेहमीसारखे डोळे मिटले. ती मोठ्यानं मागते, ऐकू कमी येतं म्हणून. माह्या लेकराची चूक पोटात घाल, म्हणाली. मी वाट पाहिली, कारण दर वेळी ती तेवढ्यावर थांबते. त्या दिवशी थांबली नाही.

"अन् माह्या भावाले शांती दे, देवा. दुःखानं तो भलतंसलतं बोलून राहिला."